चावी आधी मागायची

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची निघाली. गणेशोत्सव तोंडावर आला आहे. काही मंडळांनी आणि महाविद्यालयांतल्या मुलांनी दारू पिऊन वाहन चालवण्याविरुद्ध चित्रफीत करायला घेतली आहे आणि त्यात त्यांना, तसेच त्यांच्या घरच्यांनाही, बरेच प्रश्न पडले आहेत. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयासाठी राखून ठेवले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण ते पत्र मला चार दिवस बाजूला ठेवता आले नाही.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले, तीन हजार वस्तीचे. गणेश मंडळात आम्ही सतरा ते चोवीस वयाची अकरा मुले-मुली आहोत. दोन वर्षांपूर्वी आमचा एक मित्र चुलतभावाच्या हळदीच्या रात्री ढाब्यावरून परतताना मोटारसायकलवरून पडून गेला. तो प्यायलेला होता हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण त्याविषयी कोणी बोलत नाही. यंदा देखाव्याचा खर्च वाचवून आठ-दहा मिनिटांची चित्रफीत करायची आणि ती मंडपात मोठ्या पडद्यावर दाखवायची असे ठरले आहे. अपघात, रक्त, पांढऱ्या कापडातला देह, आईचा टाहो आणि मागे दुःखी गाणे अशी आमची कल्पना आहे, कारण लोक हादरले पाहिजेत असे आम्हाला वाटते. ज्येष्ठ मंडळी म्हणतात की गावाची बदनामी होईल. शेवटी मित्राचा फोटो दाखवावा असे काहींचे म्हणणे आहे. आमच्यापैकी कोणी यापूर्वी असे काही केलेले नाही. मार्गदर्शन करावे.
— मंडळाचा एक कार्यकर्ता, जिल्हा सातारा

उत्तर : तुमचा मित्र गेला त्याला दोन वर्षे झाली आणि तुम्ही त्याच्याविषयी बोलायची वाट शोधता आहात, हे वाचून मला तुमच्याविषयी फार आपुलकी वाटली. म्हणूनच जे वाटते ते आडपडदा न ठेवता लिहिते.

चित्रफीत कोणासाठी करायची आहे, हे आधी ठरवा. ‘दारू पिऊन गाडी चालवू नका’ हे वाक्य प्यायलेल्या माणसाला उद्देशून आहे आणि तो तुमच्या मंडपात बसून ते ऐकणार नाही. ऐकले तरी ते त्याला स्वतःविषयीचे वाटणार नाही. दारूने हातपाय लटपटायच्या पुष्कळ आधी माणसाचा अंदाज सुटतो, त्यामुळे आपण ठीक आहोत की नाही हे सांगायला सगळ्यांत नालायक साक्षीदार तो स्वतःच असतो. ‘मला चढत नाही’ असे म्हणणारा खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच तसे वाटत असते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधल्या पात्राचे नाव घेऊन आपली वर्तमानपत्रे प्रत्येक नाकाबंदीनंतर ‘तळीरामांवर कारवाई’ असा मथळा देतात. तो वाचून आपण हसतो आणि तळीराम म्हणजे कोणीतरी दुसरा, असे धरून चालतो. तुमचा मित्र तळीराम नव्हता. चुलतभावाच्या हळदीत नाचलेला तो एक मुलगा होता.

तेव्हा त्याच्याशी बोलण्यापेक्षा त्या रात्री त्याच्या आजूबाजूला असलेल्यांशी बोला. तुमच्या पत्रात एक गोष्ट आलेली नाही, ती मी विचारते. त्याने खिशातून चावी काढली तेव्हा तिथे कोण कोण होते? ‘जाशील ना नीट?’ असे कोणी विचारले असेल, ‘हळू जा रे’ असे कोणी म्हटले असेल आणि मग सगळे आपापल्या गाडीकडे वळले असतील. कदाचित त्यांपैकी एक-दोघे आज तुमच्या अकरांत असतील. त्यांना दोष द्यावा असे मी मुळीच सुचवत नाही. दोन वर्षे त्यांनी हे मनात कसे वागवले असेल, याची कल्पनाही करवत नाही. परंतु तुमच्या चित्रफितीचा खरा विषय तिथे, त्या पार्किंगमधल्या अर्ध्या मिनिटात आहे. मंडपात बसलेला प्रत्येक जण कधी ना कधी त्या अर्ध्या मिनिटात उभा राहिलेला असतो, त्यामुळे ते पाहताना त्याला ‘हे दुसऱ्यांसाठी आहे’ असे म्हणून सुटता येणार नाही.

आता भीतीविषयी. रक्त दाखवून लोक हादरतात हे खरे आहे, पण ते हादरणे प्रसाद हातात पडेपर्यंत टिकते. नुसती भीती घातली आणि तिच्यातून बाहेर पडायची वाट दाखवली नाही, तर माणूस मान फिरवतो आणि ‘आपले असे व्हायचे नाही’ अशी स्वतःची समजूत घालतो. न्यूझीलंडमध्ये २०११ साली सरकारने तिथल्या मूळच्या माओरी समाजातल्या तरुण मुलांसाठी एक जाहिरात केली होती. तिच्यात अपघात प्रत्यक्ष घडताना दाखवलेला नाही. पार्टीत एक मुलगा प्यायलेल्या मित्राला गाडी नेऊ नको असे कसे सांगावे म्हणून मनातल्या मनात चाचपडतो, मित्र मेला तर काय होईल याची चित्रे रंगवतो आणि शेवटी ‘आज इथेच राहा’ एवढेच म्हणतो. ती जाहिरात तिकडच्या मुलांच्या तोंडी बसली, कारण मित्राला अडवताना वाटणारा संकोच तिने ओळखला होता. तो संकोच आपल्याकडेही तितकाच आहे. ‘लय शहाणा झालास का?’ हे ऐकायची तयारी ठेवून चावी मागावी लागते आणि वयाने मोठ्या माणसाकडे मागायची असेल तर जीभच उचलत नाही.

त्यावर एक तोड मी डोळ्यांनी पाहिली आहे. महाविद्यालयात शिकवत असताना राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही एका गावी सात दिवस मुक्कामाला होतो. शेजारच्या घरी हळद होती. संध्याकाळी नवरदेवाचे मामा अंगणाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले, मांडीवर पोह्यांचा स्टीलचा डबा आणि हातात चिकटपट्टीचे बंडल. जो मुलगा गाडी लावून आत येई त्याच्याकडून ते चावी घेत, तिच्यावर पट्टी चिकटवून बॉलपेनने नाव लिहीत आणि डब्यात टाकत. कोणाशी वाद नाही, उपदेश नाही. ‘मामाचा डबा आहे बाबा’ म्हणून पोरे हसत चावी देत होती, कारण तेव्हा सगळे शुद्धीत होते आणि सगळ्यांचीच चावी जात होती, त्यामुळे कोणा एकाचा अपमान होत नव्हता. रात्री बारानंतर डबा मामींच्या कपाटात गेला. सकाळी चहाच्या कपाबरोबर एकेकाला चावी परत मिळाली. चावी मागायची ती पहिल्या ग्लासाच्या आधी. तिसऱ्या ग्लासानंतर मागितली तर भांडण होते. तुमच्या चित्रफितीने एवढी एकच गोष्ट गावाला शिकवली तरी पुष्कळ झाले.

ज्येष्ठांच्या बदनामीच्या भीतीला उत्तर देत बसू नका, त्यांना कामाला लावा. पारावर बसून विचारा की आपल्या गावाकडे येणारी शेवटची एसटी किती वाजता असते, त्यानंतर ढाब्यावरून घरी येण्याचा दुसरा मार्ग काय आणि रात्री वडापची जीप सांगितली तर कोण येईल. गावोगाव हेच दिसते की संध्याकाळनंतर गाडी नसते आणि कार्यक्रम मात्र रात्री असतात. घरी परतायची सोय नसलेल्या मुलाला ‘गाडी चालवू नको’ म्हणून सांगणे म्हणजे अर्धे सांगणे झाले. म्हणून लग्नसराईत हळदीच्या रात्रींसाठी मंडळाने न पिणाऱ्या दोघांची पाळी लावावी, एका जीपवाल्याशी भाडे आधी ठरवून ठेवावे आणि चित्रफितीच्या शेवटी पडद्यावर हीच माहिती मोठ्या अक्षरांत द्यावी. तिच्या खाली रुग्णवाहिकेचा १०८ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक हवेत. गावाने अशी सोय केली हे पडद्यावर दिसले की बदनामीची भाषा आपोआप थांबेल असे मला वाटते.

रक्त आणि पांढरे कापड वगळाच. त्याऐवजी वाट पाहणे दाखवा. रात्री मुलगा बाहेर असला की घराच्या पडवीतला दिवा चालू राहतो आणि आतले माणूस झोपेत नसते. एस. टी. स्टँडच्या वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला की आपली गाडी की दुसऱ्याची हे आईला अंथरुणातून कळते. तीन गाड्या येतात, पुढे निघून जातात, चौथी येतच नाही. एवढ्यावर दृश्य थांबवा. मंडपातल्या एकाही बाईला पुढचे समजावून सांगावे लागणार नाही.

मित्राच्या फोटोबाबत निर्णय मंडळाने करायचा नाही, तो त्याच्या आईवडिलांचा आहे. दोघांनीच जा, कॅमेरा घरी ठेवून जा आणि पहिल्या भेटीत उत्तर मागू नका. दुसऱ्या भेटीत विचारा. नाही म्हणाले तर नाव, फोटो, घर, गाडीचा नंबर, काहीही येऊ देऊ नका. हो म्हणाले तरी तयार झालेली चित्रफीत आधी त्यांना त्यांच्या घरी, फोनवर, एकट्यांना दाखवा आणि दाखवण्याच्या आदल्या दिवशीदेखील ते नको म्हणू शकतात हे त्यांना स्पष्ट सांगा. आपल्या मुलाला शंभर लोकांसमोर पडद्यावर अचानक पाहण्याची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये.

चित्रीकरणाचे थोडक्यात सांगते. आठ-दहा मिनिटे फार होतात, चार पुरेत. रात्री वाहत्या रस्त्यावर काहीही करू नका. शेतातल्या पाणंदीत गाडी स्टँडवर उभी करावी, मागून दोघांनी ती हळूच हलवावी, समोरून एकाने विजेरी डावी-उजवीकडे फिरवावी, म्हणजे चेहरा जवळून घेतला तर गाडी धावते आहे असेच वाटते. चालवणारा आणि मागे बसलेला दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हवे. बाटली आणि ग्लास दाखवू नका. ते दिसले की पोरे शिट्ट्या मारतात आणि पुढचे दृश्य हातचे जाते. पडद्यासाठी फोन आडवाच धरावा. आवाजासाठी दुसरा फोन रेकॉर्डिंग सुरू करून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवावा, कारण लांबून घेतलेल्या आवाजात वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही. सिनेमातले गाणे इंटरनेटवर टाकताच हक्कांची अडचण येते, तेव्हा तुमच्या गावच्या भजनी मंडळाला विचारून त्यांचा नुसता मृदंग ध्वनिमुद्रित करा. आणि आरतीनंतर लगेच, प्रसाद वाटायच्या आधी दाखवा. प्रसाद वाटल्यावर निम्मा मंडप रिकामा होतो.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे सहा विद्यार्थी याच विषयावर माहितीपर चित्रफीत करत आहोत. वर्गातले मित्र म्हणतात की एका बिअरने काही होत नाही आणि कायद्यातही तेवढी सूट आहे. किती प्यायलेली चालते याचा तक्ता दाखवावा का? पुण्यातल्या २०२४ च्या अपघाताच्या बातम्यांची दृश्ये वापरावीत का? आकडेवारी कोणती द्यावी?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तक्ता दाखवू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर तो गुन्हा आहे. लोक हा आकडा आपल्या वाट्याचा कोटा समजतात. प्रत्यक्षात तो किती लवकर ओलांडला जातो ते तुम्हीच हिशेब करून पाहा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर मद्यार्क ४२.८ टक्के लिहिलेला असतो. साठ मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये त्याचे वजन साधारण २० ग्रॅम भरते. पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाने तो रिकाम्या पोटी घेतला तर रक्तातले प्रमाण ढोबळमानाने ४५ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते, म्हणजे पहिल्याच पेगला मर्यादा मागे पडली. बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने तो आकडा आणखी वर जातो.

आणि ‘एक बिअर’ म्हणजे काय ते तुमच्या मित्रांना नीट दाखवा. साडेसहाशे मिलिलिटरच्या स्ट्राँग बिअरमध्ये आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असतो. त्याचे सुमारे ४१ ग्रॅम होतात, म्हणजे एक बाटली दोन मोठ्या पेगांच्या बरोबरीची. ‘मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसते आणि माझ्या मते तुमच्या चित्रफितीतली सर्वांत उपयोगी दोन मिनिटे हीच ठरतील. वर्गातल्या फळ्यावर खडूने हा गुणाकार करून दाखवा. त्याला कोणत्याही सजावटीची गरज नाही.

उतरण्याचाही हिशेब त्याच फळ्यावर करा. यकृत १०० मिलिलिटर रक्तातला मद्यार्क ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने कमी करते. काळी कॉफी, लिंबू, ताक, गार पाण्याची अंघोळ, यांपैकी कशानेही ती गती वाढत नाही. माणूस जागा होतो, पण शुद्धीवर येत नाही. एका स्ट्राँग बिअरला सहा तास धरा. रात्री साडेअकराला दोन बाटल्या संपवून झोपलेला मुलगा पहाटे पाचला दुधाचे कॅन घेऊन किंवा पहिल्या पाळीला निघतो, तेव्हा त्याच्या रक्तात मर्यादेच्या दोन-तीन पट मद्यार्क असतो आणि आपण रात्रभर झोपलो आहोत या खात्रीने तो गाडी पळवत असतो. सकाळच्या या अपघातांविषयी फार कमी बोलले जाते. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. ब्रेककडे पाय जायला अर्धा सेकंद जास्त लागला तर त्यात आठ मीटर निघून जातात. कॉलेजच्या मैदानावर चुन्याने आठ मीटरची रेघ मारा आणि तिच्या टोकाला मैत्रिणीला उभे करून वरच्या मजल्यावरून चित्र घ्या.

पुण्यातल्या घटनेची दृश्ये वापरू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये महागड्या मोटारीच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, गेले. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा होता आणि त्याला जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्यावर महाराष्ट्रभर संताप उसळला. तो संताप योग्यच होता. परंतु ती दृश्ये वृत्तवाहिन्यांच्या मालकीची आहेत आणि त्यांत दोन कुटुंबांचे सर्वांत वाईट क्षण आहेत. शिवाय अल्पवयीन आरोपीची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. याहून मोठी अडचण अशी की ती मोटार पाहिली की प्रेक्षक सुटतो. ‘ते श्रीमंतांचे पोर, आपण कुठे तसे?’ असे म्हणून जुन्या मोटारसायकलवरचा मुलगा निवांत होतो. केंद्र सरकारच्या रस्ते अपघातांवरील अहवालानुसार देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतली शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. तुमच्या प्रेक्षकाची गाडी पडद्यावर दिसली पाहिजे.

त्याच सरकारी अहवालात मद्यपानामुळे झालेले मृत्यू अडीच टक्क्यांच्या आसपास दिसतात. तो आकडा तुमच्या विरोधात वापरला जाईल, म्हणून तो कसा तयार होतो तेही समजून घ्या. कारण नोंदवताना श्वासाची किंवा रक्ताची तपासणी झालेली असावी लागते. अतिवेग डोळ्यांना दिसतो, मद्य तपासल्याशिवाय कागदावर येत नाही आणि गेलेल्याच्या घरच्यांनाही ते कागदावर यायला नको असते. तेव्हा टक्केवारीत न शिरता तुमच्या कॉलेजच्या मागच्या काही वर्षांतल्या मुलांविषयी शिक्षकांना, वसतिगृहाच्या रखवालदाराला, चहावाल्याला विचारा. जे कळेल ते नाव न घेता सांगा.

शिक्षेची माहिती दोन ओळींत द्यावी. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याची गोष्ट मात्र जरूर सांगा, कारण घरोघरी ती माहीत नसते : चालवणारा मद्याच्या अंमलाखाली असेल तर गाडीच्या नुकसानीची भरपाई आणि मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, दोन्ही नाकारले जातात. कर्जाने घेतलेल्या गाडीचे हप्ते मग मागे राहिलेल्या बापाला फेडावे लागतात.

प्रश्न : माझी सतरा वर्षांची मुलगी गावातल्या मुलांच्या अशा चित्रफितीत काम करते आहे. त्यात तिने स्कूटी चालवत भावाला आणायला जावे असे दृश्य आहे. ‘पाच मिनिटांचे तर काम’ असे सगळे म्हणतात. दुसरे म्हणजे, ती आता मला म्हणते की रात्री कधीही फोन केला तर न रागावता घ्यायला यायचे असे लिहून द्या. मला हे पटत नाही. अशाने मुलांना मोकळे रान मिळणार नाही का?
— एक वडील, जिल्हा बुलढाणा

उत्तर : पहिल्या गोष्टीला स्पष्ट नकार द्या. अल्पवयीन मुलीने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलीला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. गाडी पन्नास सीसीच्या आतली आणि परवाना असेल तरच सोळाव्या वर्षापासून चालवता येते, आणि तुमच्या दारातली स्कूटी बहुधा तशी नसेल. रस्त्याच्या सुरक्षेवरची चित्रफीत करताना कायदा मोडणे मुलांच्याही मनाला बरे वाटणार नाही. दृश्यात तिने काकांना किंवा आत्याला उठवून त्यांच्या मागे बसून जावे. ते अधिक खरेही वाटेल.

दुसऱ्या गोष्टीत मात्र मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेलँड या गावी १९८१ साली शाळेतल्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षकाने दारू पिऊन वाहन चालवण्याविरुद्ध एक संघटना सुरू केली. मुलगा आणि पालक यांच्यातला लेखी करार हा तिचा पाया होता. मी किंवा मला आणणारा प्यायलेला असेल तर मी घरी फोन करीन, असे मुलाने लिहून द्यायचे आणि त्या वेळी काही न विचारता, न भांडता मी तुला घरी आणीन, असे पालकाने लिहून द्यायचे. बोलणे व्हायचेच, पण नंतर, दिवसाउजेडी. तो करार देशभर पसरला.

तुम्हाला मोकळ्या रानाची काळजी वाटते, ती मी समजू शकते. पण मुलगी स्वतः प्यायली नसली तरी तिला सोडायला येणारा दादा, मैत्रिणीचा भाऊ किंवा रिक्षावाला प्यायलेला असू शकतो. अशा वेळी ‘बाबा ओरडतील’ या एका भीतीने ती त्याच्या मागे बसेल, ही शक्यता तुम्ही विचारात घेतली आहे का? रात्री दीड वाजता तिचा फोन आला आणि तुम्ही ‘कुठे आहेस?’ एवढेच विचारून निघालात, तर त्या रात्री तिला तुमची शिस्त कमी झाली असे वाटणार नाही. तिने आणलेला कागद घ्या, वाचा आणि सही करा. शक्य असेल तर चित्रफितीत तिच्याबरोबर बसून सही करा, कारण गावातल्या दुसऱ्या वडिलांनाही ते पाहायला मिळेल.

प्रश्न : माझा महामार्गालगत जेवणाचा ढाबा आहे. मद्यविक्रीचा परवाना नाही, पण गिऱ्हाईक बाटली घेऊन येते आणि मी फक्त ग्लास, पाणी, चखणा देतो. गावची मुले माझ्याकडे चित्रीकरण करायचे म्हणतात. मला वाटते की माझीच शोभा होईल. काय करावे?
— एक ढाबाचालक, जिल्हा अहिल्यानगर

उत्तर : तुम्ही न लपवता लिहिले याबद्दल तुमचे कौतुक वाटते. मात्र परवाना नसलेल्या ठिकाणी पिऊ देणे हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तो चालकाला लागू होतो तसा तिथे बसून पिणाऱ्यालाही होतो. ‘फक्त ग्लास दिला’ हे तिथे चालत नाही. तेव्हा आधी ग्लास बंद करा. सुरुवातीला धंद्याला फटका बसेल हे मला दिसते आणि तो तुम्हाला सोसावा लागेल. ‘इथे जेवण मिळेल, पिण्यास बसू दिले जाणार नाही’ अशी पाटी वाहने लावतात त्या बाजूला, दिव्याखाली लावा.

तरीही कोणी दुसरीकडून पिऊन जेवायला येईलच. अशांसाठी गल्ल्यामागच्या भिंतीवर दहा खिळे ठोका आणि अंगणात चार बाजा टाकून ठेवा. नेहमीच्या ओळखीच्या मुलाची चावी जेवणाची ऑर्डर घेतानाच मागून खिळ्याला अडकवा, घरी फोन लावून द्या आणि नेणारे कोणी येईपर्यंत त्याला बाजेवर झोपू द्या. हे सुरू झाल्यावर त्या मुलांना बोलवा आणि त्या भिंतीचे चित्रीकरण करू द्या.